क्लच प्लेटा बदलायच्या आधी वायरचा ढिलेपणा मोजा: पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

मागच्या सर्व्हिसला सेंटरवाल्यांनी क्लच प्लेटा (इंजिनची ताकद चाकाकडं नेणाऱ्या चकत्या), थ्रॉटल बॉडीची (इंजिनला हवा सोडणाऱ्या भागाची) सफाई आणि मजुरी मिळून चार हजारांच्या वरचं एस्टिमेट माझ्या हातात ठेवलं. माझी तक्रार एवढीच होती, की थांबलेली गाडी पहिल्या गिअरला उचलताना बंद पडते. मी नाही म्हटलं, गाडी घरी आणली, आणि एका पान्यावर काम झालं. खर्च शून्य. ते एस्टिमेट आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून सविस्तर लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे ज्यांच्याकडे दीडशे-एकशेसाठ सीसीची बीएस सिक्स (धुराच्या नव्या नियमांची) मोटरसायकल आहे, त्यांनी तेवढं वाचावंच. कंपनी कुठलीही असू दे, लिव्हरपासून वायरनं ओढला जाणारा क्लच सगळ्यांचा सारखाच चालतो.

मायलेज ठीक, टायर चांगले, मागच्या सीटवर बायको तक्रार करत नाही. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

माझा रोजचा रस्ता वडगावहून अनगोळ, चौथं रेल्वे गेट आणि पुढं उद्यमबाग. मिरज-लोंढा मार्गावरची गाडी जाईपर्यंत गेट पडलेलं. ज्यांचा हा रस्ता आहे त्यांना माहीत आहे, गेट उघडायच्या आधीच दोन्ही बाजूंनी पूर्ण रुंदी भरलेली असते. रूळ वर, आपण खाली चढावर. गेट उचललं की सगळे एकदम निघतात, आणि नेमकी तिथंच गाडी गचका खाऊन बंद. मागून टेम्पोचा हॉर्न, समोरून येणारी रांग अंगावर, आणि मी सेल्फ मारतोय. पावसात तर पायाखाली चिखल. मशीन शॉपमध्ये शिफ्टची वेळ सांभाळणाऱ्या माणसाला हे रोज परवडत नाही.

सुरुवातीला माझा संशय इंधनाच्या इंजेक्शनवर होता. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सिक्स आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, चोक गेला. जुन्या गाडीला मेस्त्री आयडलिंगचा (उभ्या गाडीत इंजिन संथ चालण्याचा) स्क्रू अर्धा आटा फिरवून द्यायचा आणि गाडी बंद पडायची थांबायची. आता आयडलिंग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो, स्क्रूला हात लावायची सोय नाही. त्यात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. माझ्या ओळखीत सगळे याच दोघांना दोष देतात, आणि पूर्ण पावसाळाभर माझंही तेच मत होतं.

मत बदललं ते गेटवर उभं राहूनच. न्यूट्रलला इंजिन 1400 आरपीएमवर एकसारखं चालायचं, काटा हलायचा नाही. इंधनाची अडचण असती तर तिथंही दिसली असती. उलट दुसरीच गोष्ट लक्षात आली: क्लच पूर्ण दाबलेला असूनही पहिल्या गिअरला गाडी ब्रेकला ढकलत राहायची, आणि उभ्या गाडीला न्यूट्रल काही केल्या सापडायचा नाही. याचा अर्थ क्लच पूर्ण सुटतच नव्हता, लिव्हर दाबूनही इंजिन चाकापासून पूर्ण वेगळं होत नव्हतं. थंडीत सकाळी तेल घट्ट असतं, तेव्हा प्लेटा आणखी चिकटायच्या आणि गिअर टाकल्या टाकल्या इंजिन दबायचं.

घरी आल्यावर सहा इंची स्टीलची पट्टी लिव्हरच्या टोकाशी धरली. लिव्हर नुसती सैल किती हलते आणि वायरला ताण कुठं लागतो ते बघितलं. या सैल हालचालीला प्ले म्हणतात. मॅन्युअलमध्ये तो 10 ते 20 मिलिमीटर दिलाय, माझ्या गाडीला 30 च्या जवळ होता. एवढा प्ले असला की लिव्हरचा अर्धा प्रवास वायरचा ढिलेपणा काढण्यातच जातो. मग क्लच पकडतो तो मुठीच्या अगदी जवळ, बोटं जरा उघडली की झटक्यात. त्या इवल्याशा जागेत चढावर गाडी उचलायची म्हणजे कठीणच.

आता सेंटरवाल्यांचं निदान बघा. प्लेटा झिजल्या तर क्लच घसरतो: इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही. इंजिन बंद पडत नाही! शिवाय प्लेटा झिजत गेल्या की वायरचा प्ले कमी होतो, वाढत नाही. वाढतो तो वायर ताणल्यावर. म्हणजे दोन्ही खुणा प्लेटा चांगल्या असल्याच्या होत्या, आणि मला प्लेटाच विकायला निघाले होते. नुसती लिव्हर हलवून बघितली असती तरी कळलं असतं. याचाच मला राग आहे.

काम असं. लिव्हरजवळचं रबर मागं सारायचं, चेकनट (ॲडजस्टरला जागेवर धरणारा नट) ढिला करायचा, ॲडजस्टर (वायर ताणणारा बोल्ट) फिरवून बाहेर काढत जायचं, प्ले कमी होतो. फार आटे बाहेर येत असतील तर तिथं थांबायचं, ॲडजस्टर परत आत घालायचा आणि इंजिनकडच्या दोन नटांवर सेटिंग घ्यायचं. प्ले पूर्ण संपवू नका, नाहीतर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि मग खरंच प्लेटा जळतात. शेवटी हँडल डावी-उजवीकडं पूर्ण वळवून प्ले तेवढाच राहतो का ते बघायचं. मी 15 वर ठेवलाय. दुसऱ्या दिवशी न्यूट्रल पहिल्या झटक्यात पडला, आणि त्यानंतर गेटवर गाडी बंद पडलेली नाही.

मग मुलीला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर शिकवायला नेलं, तेव्हा उरलेली अर्धी बाजू समजली. सेटिंग बरोबर असूनही तिच्या हातात गाडी बंद पडायची. तिची बोटं बघत राहिलो. क्लच पकडेपर्यंत ती सुंदर सोडायची, पण गाडी हलली की काम झालं समजून उरलेली लिव्हर एकदम सोडून द्यायची. नेमकं तिथं थांबायला हवं. चाक एक फेरा फिरेपर्यंत बोटं तशीच, थ्रॉटल तसाच, मग सोडायची. आमचे शहापूरचे मेस्त्री कन्नडमधून दोनच शब्द सांगतात, ‘निधान बिडी’, हळू सोडा. क्लच तेलात भिजलेला असतो, एवढ्या घसरण्यानं त्याला काही होत नाही. ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून मैलभर रांगत जाण्यानं होतं. चढावर उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा, थ्रॉटल आधी थोडा द्यायचा, क्लच पकडून गाडी पुढं ओढू लागली की ब्रेक सोडायचा. तवंदी घाटात गाड्या तुंबल्या होत्या तेव्हा तिनं असंच मागं न सरकता काढली. मला फार बरं वाटलं.

थांबताना दुसऱ्या गिअरलाच राहिलात तर कुठलंही सेटिंग वाचवणार नाही. साइड स्टँड खाली असेल तर गिअर टाकल्यावर इंजिन सेन्सरमुळं बंद होतं, तो दोष क्लचचा नाही.

एक तक्रार मात्र कायम आहे. माझ्या गाडीला किक नाही. गेटवर चारदा सेल्फ मारून बॅटरी बसली तर ढकलण्याशिवाय उपाय नाही. एवढ्या किमतीच्या गाडीला किक द्यायला हवी होती.

अशी गाडी घ्यायची असेल त्यांनी खुशाल घ्या. फक्त डिलिव्हरी घेताना शोरूममध्येच लिव्हरला पट्टी लावा, आणि प्ले जास्त असेल तर त्यांच्याच पान्यानं त्यांच्याकडून सेट करून घ्या.