‘यू कान्ट हरी लव्ह’: सुप्रीम्सचे आणि फिल कॉलिन्सचे

‘द सुप्रीम्स’ या तीन गायिकांच्या गटाने डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी गायलेले हे गीत १९६६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, ब्रिटिश गायक फिल कॉलिन्सची १९८२ ची आवृत्ती जानेवारी १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच स्थानी गेली. चाल आणि शब्द तेच असले, तरी दोन्हींचा परिणाम मात्र एक नाही. मूळ ध्वनिमुद्रणात जेम्स जेमर्सन या वादकाची बास गिटार आधी उड्या घेत येते, खंजिरीसारखे टँबरीन तिला साथ देते आणि मुख्य गायिका डायना रॉसचा आवाज लागताच, ‘प्रेमाची घाई करून चालत नाही’ हा आईचा सल्ला आठवून धीर धरू पाहणारी, पण धीर सुटत चाललेली मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. कॉलिन्स मुळात ड्रमवादक असल्याने (आणि ते लपत नाही) त्याच्याकडे ठोका अधिक ठसठशीत व ध्वनी अधिक स्वच्छ आहे. चित्रफितीत तर काळा चष्मा लावून तिन्ही गायकांच्या जागी तो स्वतःच उभा राहतो. ही नक्कल प्रेमाने केलेली आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या गाण्यात आईचा सल्ला त्याला केव्हाच पटलेला वाटतो, तर रॉसच्या आवाजात तो अजून पटायचा आहे, आणि म्हणून माझी पसंती तिला.