मेणाचे पंख, चार शनिवार

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका लहानशा सभागृहात नुकताच चार शनिवारांचा एक वर्ग झाला. विषय होता ग्रीक आणि रोमन पुराणकथांमधले साहस, आणि त्या साहसाच्या भरात कुवतीपलीकडे झेप घेणारी माणसे. शुल्क माणशी १,२०० रुपये, वेळ संध्याकाळी सहा ते आठ. सातवीत जाणारा माझा भाचा सुटीसाठी आमच्याकडे आलेला असल्यामुळे मी दोघांचे पैसे भरले. शिकवायला एक निवृत्त प्राध्यापिका होत्या, ज्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणत. त्यांच्याविषयी माझी तक्रार जवळजवळ नाही. आयोजकांविषयी आहे, आणि ती पुढे येईलच.

पहिला शनिवार आर्गो जहाजाचा होता. सोनेरी लोकरीचे कातडे आणण्यासाठी काळ्या समुद्राच्या पूर्व टोकाला, आजच्या जॉर्जियाच्या बाजूला असलेल्या कोल्खिसकडे निघालेला जेसन आणि त्याचे सुमारे पन्नास सोबती ही कथा मुळातच लांब आहे, आणि बाईंनी ती लांबवलीही. मात्र त्यात एक जागा अशी आली की सगळे सावरून बसले. स्ट्रेबो या प्राचीन भूगोलकाराने त्या मुलखातले लोक डोंगरी ओढ्यांच्या पाण्यातले सोन्याचे कण लोकरीच्या कातड्यांमध्ये अडकवून गोळा करतात, असे नोंदवले आहे. सोनेरी लोकरीची कथा तिथून निघाली असावी, असा त्याचा तर्क. सराफ बाजारात दुकानांपुढची धूळ झाडून नेणारे झारेकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. जेसनचा शेवट मात्र बाईंनी दोनच वाक्यांत उरकला: सगळे गमावलेला हा नायक आपल्याच जुन्या जहाजाच्या सावलीत बसलेला असताना त्याचे कुजलेले लाकूड डोक्यावर कोसळून मेला. एवढ्या मोठ्या मोहिमेचा असा शेवट का, यावर थोडे थांबायला हवे होते.

दुसरा शनिवार हा या वर्गाचा कळस होता. इकॅरसची गोष्ट आपल्याला साधारण ठाऊक असते: बापाने पंख दिले, पोरगा उंच गेला, मेण वितळले, पोरगा बुडाला. बाईंनी ती पोराकडून न सांगता कारागिराकडून सांगायला घेतली. हा कारागीर, म्हणजे इकॅरसचा बाप डेडॅलस, मूळचा अथेन्सचा, आणि तिथून त्याला क्रीट बेटावर यावे लागले ते आपल्याच भाच्याला अक्रॉपोलिस टेकडीवरून ढकलल्यामुळे. हा बारा वर्षांचा भाचा मामाकडे विद्या शिकायला होता. माशाच्या पाठीचा काटा पाहून त्याने लोखंडी पात्याला दाते पाडले आणि करवत तयार केली, दोन लोखंडी पाय एका टोकाला जोडून वर्तुळ काढण्याचे साधन बनवले, आणि शिष्य आपल्यापुढे जाणार हे मामाला सहन झाले नाही. (या ठिकाणी माझ्या शेजारच्या बारा वर्षांच्या श्रोत्याने आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली.) रोमन कवी ओव्हिडच्या कथनानुसार देवीने त्याला पडता पडता झेलून तित्तिर केले, म्हणून तित्तिर आजही उंच उडत नाही आणि कुंपणाच्या बुडाशी, जमिनीलगत अंडी घालतो. पुढे डेडॅलस आपल्या मुलाला पुरत असतो, तेव्हा चिखलाच्या चरातून हाच तित्तिर पंख फडफडवून आनंदाने ओरडतो. निफाडकडच्या शेतांत तित्तिराचे ओरडणे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण त्या संध्याकाळनंतर ते पूर्वीसारखे ऐकू येईलसे वाटत नाही.

बापाने मुलाला केलेली सूचनाही बाईंनी पुरी सांगितली. फार उंच गेलास तर ऊन पंख जाळील आणि फार खाली आलास तर समुद्राचे पाणी ते जड करील, तेव्हा मधून चल. यातला दुसरा अर्धा भाग सांगताना बहुतेक लोक विसरतात. शिवाय स्वतः डेडॅलस त्याच पंखांनी सुखरूप उतरला, म्हणजे उडणे हा काही गुन्हा नव्हता. बाईंनी याच्या शेजारी संपाती आणि जटायू ठेवले. दोघे भाऊ सूर्याकडे झेपावतात, धाकटा होरपळू लागतो आणि थोरला त्याच्यावर आपले पंख पसरतो. तिथे पंख जळतात ते थोरल्याचे. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला जटायूचे स्थान मानणाऱ्या आम्हा नाशिककरांपुढे ही तुलना ठेवून बाई गप्प राहिल्या, आणि ते गप्प राहणे मला फार आवडले.

मग भाच्याने हात वर केला. हिवाळ्यात कळसूबाईवर स्वेटर घालूनही तो कुडकुडला होता, तेव्हा १,६४६ मीटरवर जर एवढी थंडी, तर वर वर जाताना मेण वितळेलच कसे, असा त्याचा प्रश्न. बाईंनी तो मोडीत काढला नाही. दर किलोमीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते आणि मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, हे त्यांनी फळ्यावर लिहिले; पण त्या कथेतला सूर्य रोज डोक्यावरून रथ हाकणारा देव आहे, त्याच्याजवळ जाणे म्हणजे चुलीजवळ जाणे, असे सांगून त्यांनी मध्यंतरातला चहाचा स्टीलचा पेला पुढे ओढला. त्याला बाहेरून मेणाने कबुतराचे पीस चिकटवले. पीस एकदम गळून पडले नाही. मेण आधी मऊ पडले, पीस किंचित तिरके झाले, आणखी तिरके झाले आणि मग घसरले. पोराला कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते, हे त्या पेल्यावर सगळ्यांना दिसले.

तिसऱ्या शनिवारी सूर्यपुत्र फेएथॉन आला. स्टिक्स नदीची शपथ घेऊन ‘माग ते देतो’ म्हणणारा बाप, आणि रथ हाकायला मागणारा मुलगा. दशरथाच्या वरांवर वाढलेल्या श्रोत्यांना पुढचे संकट आधीच दिसत होते. हलक्या ओझ्यामुळे बिथरलेले घोडे, आकाशातला विंचू पाहून हातातून सुटलेले लगाम, होरपळलेली पृथ्वी आणि शेवटी देवराज ज्युपिटरची वीज, हे सगळे रंगले. अंजनेरीच्या बाळालाही सूर्याकडे झेपावल्यावर वज्र बसले, पण नंतर देवांनी त्याला वर दिले, हा फरकही चर्चेत निघाला. पेगॅसस या पंखांच्या घोड्यावर बसून देवांच्या ऑलिंपस पर्वताकडे निघालेला बेलेरोफॉन आणि त्याला पाडणारी गोमाशी दहा मिनिटांत आटोपली. रथामागे काशाची भांडी फरफटत ‘हा माझा गडगडाट’ म्हणणारा राजा सॅल्मोनियस मात्र स्वतःलाच वासुदेव म्हणवणाऱ्या आपल्या पौंड्रकाचा सख्खा भाऊ शोभला.

आता तक्रार. आयोजकांनी वाटलेल्या छापील टिपणात प्रत्येक कथेखाली ‘ह्युब्रिस म्हणजे गर्व, आणि गर्वाचे घर खाली’ असे एकच तात्पर्य चिकटवलेले होते. अथेन्सच्या कायद्यात ह्युब्रिस म्हणजे दुसऱ्याचा मुद्दाम केलेला अपमान, ज्याबद्दल खटला भरता येई. ॲरिस्टॉटलही त्याचा अर्थ दुसऱ्याला लाज आणून त्यात सुख मानणे असाच करतो. आपल्या चौदा मुलांची बढाई मारून दोनच मुलांच्या लेटो देवीला हिणवणारी नायोबी त्यात बसते. आनंदाने वर गेलेला पोरगा बसत नाही. बाई वर्गात हे बारकाईने उलगडत होत्या आणि टिपण ते पुसून टाकत होते.

चौथा शनिवार रोमचा, आणि तो सत्कारांनी खाल्ला. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि देणगीदारांचे मनोगत यांत चाळीस मिनिटे गेल्यावर रोम्युलसच्या अर्धवट भिंतीवरून उडी मारून जीव गमावणाऱ्या त्याच्या भावाला, रेमसला, जेमतेम पाव तास मिळाला. पांडवलेण्यांचा तर उल्लेखही राहिला. तिथल्या १७ क्रमांकाच्या लेण्याचा दाता, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, शिलालेखात स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा यवन म्हणवतो. ग्रीकांना उद्देशून वापरला जाणारा शब्द शहरालगतच्या डोंगरात कोरलेला असताना या वर्गात तो ऐकू येऊ नये, याचे वाईट वाटले.

खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत, उशी बरोबर न्यावी. चहा चांगला असतो. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. एकेका शनिवारचे पैसे घेण्याची सोय आहे का, असे मी विचारले, तर नाही म्हणाले. असती तर दुसऱ्या शनिवारचे पैसे मी पुन्हा दोघांसाठी भरले असते.