कार्बनचा पैसा घेतलात तर परत कसा देणार? कॅनडा, स्वित्झर्लंड की माणशी कोटा

पेट्रोल, गॅस जाळल्यावर जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्याची किंमत टॅक्स म्हणून लावायला हवी हे पटतंय, पण गरिबाच्या घराचं काय, म्हणून ज्यांचं ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्या मते टॅक्स किती यापेक्षा जमलेला पैसा कुठे जातो ते आधी बघा.

कॅनडापासून सुरुवात करू. ज्या प्रांतांची स्वतःची व्यवस्था नव्हती तिथे 2019 मध्ये केंद्राने कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे 20 कॅनडियन डॉलर लावले, 2024 पर्यंत ते 80 झाले, म्हणजे पेट्रोलवर लिटरला साधारण 17.6 सेंट. यातले 90 टक्क्यांच्या आसपास पैसे घरांना परत, उत्पन्न न बघता, घरात माणसं किती तेवढंच बघून. ऑंटारियोत चौघांच्या कुटुंबाला 2024-25 ला 1,120 डॉलर मिळायचे, दर तीन महिन्यांनी 280. आता हिशोब करा, समजा दोन गाड्यांना मिळून वर्षाला 2,500 लिटर पेट्रोल लागलं तर 440 डॉलर, आणि घर गरम ठेवायला 2,200 घनमीटर गॅस धरला तर 15.25 सेंटने अजून 335. झाले 775. त्यावरचा सेल्स टॅक्स आणि किराण्यात वगैरे लपलेला खर्च धरला तरी अशा घराच्या हातात थोडंफार उरतं, आणि बसने फिरणाऱ्या, छोट्या फ्लॅटमधल्या कुटुंबाला तर बरंच. मोठा बंगला, तीन गाड्या असतील तर खिशातून जातात, आणि ते बरोबरच आहे ना! खेड्यात बस नाही म्हणून तिथे 20 टक्के जास्त द्यायचे.

मग बंद का पडलं? पंपावरचा भाव दर आठवड्याला डोळ्यासमोर, आणि परतावा बँकेत गुपचूप जमा, तो कशाचा हेच कित्येकांना कळायचं नाही. त्यात 2023 ला घरगुती हीटिंग ऑइलला तीन वर्षांची सूट दिली, तेव्हा गॅस वापरणारे साहजिकच म्हणाले, मग आम्हाला का नाही? 1 एप्रिल 2025 पासून पंतप्रधान मार्क कार्नींच्या सरकारने घरांवरचा चार्ज काढला आणि त्याच महिन्यात शेवटचा परतावा देऊन तोही संपला. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण घरांपुरता यापेक्षा न्याय्य हिशोब मी तरी पाहिला नाही.

स्वित्झर्लंडमध्ये कार्बनवरची लेव्ही, म्हणजे असाच टॅक्स, 2008 पासून टिकून आहे, 2022 पासून टनाला 120 फ्रँक. पण ती हीटिंगच्या तेलावर आणि गॅसवर, पेट्रोल-डिझेलवर नाही. साधारण दोन तृतीयांश पैसा लोकांना आणि कंपन्यांना परत जातो, लोकांचा वाटा हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्यातून वजा होतो, लहान मुलांनाही मोठ्यांएवढाच. उरलेल्यातला बराचसा इमारती सुधारायला. शांतपणे चालतं, पण परतावा कॅनडापेक्षाही लपलेला. आणि भाडेकरूचं बघा, बॉयलर बदलायचा की नाही हे ठरवणार मालक, बिल भरणार भाडेकरू.

तिसरा पर्याय माणशी कोटा, म्हणजे प्रत्येकाने किती कार्बन सोडायचा याची ठरलेली मर्यादा, रेशन कार्डासारखी, कोटा उरला तर विकायचा, कमी पडला तर विकत घ्यायचा. कागदावर सगळ्यात समान. ब्रिटनमध्ये सरकारने अभ्यास केला आणि खर्च फार, लोक स्वीकारणार नाहीत म्हणून 2008 ला बाजूला ठेवला. फिनलंडच्या लाहती शहरात प्रवासापुरता ॲपवर प्रयोग झाला, तोही स्वेच्छेने. प्रत्येकाचं कार्बन खातं सांभाळायचं, आजीआजोबांनी कोटा विकायचा कुठे, मला हे झेपणारं वाटत नाही.

आणि काहीच परत न देणं? फ्रान्समध्ये 2018 ला पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर आले आणि इंधनावरच्या कार्बन टॅक्सची पुढची वाढ मागे घ्यावी लागली. आपल्याकडे कोळशावर 2010 पासून सेस होता, टनाला 50 रुपयांवरून 2016 पर्यंत 400, तो वीजबिलातून आपणच भरला, पण परतावा म्हणून घरी एक रुपया आला नाही.

म्हणून निवडायचंच तर मी कॅनडाची पद्धत निवडेन, दोन बदल करून: पैसे दर महिन्याला, खात्यात स्पष्ट नावाने, आणि पहिला हप्ता पंपावरचा भाव वाढायच्या आधी. सरसकट सूट कुणालाच नको, ज्याला खरंच परवडत नाही त्याला परतावा वाढवून द्या. घर भाड्याचं असणारे जास्त असतील तर स्वित्झर्लंडसारखा इमारतींसाठीचा वाटा त्यात जोडा, फक्त तो घेणाऱ्या मालकाला त्या खर्चापोटी भाडं वाढवता येणार नाही अशी अट घालून.