न्यूयॉर्कची ७ नंबरची गाडी आणि क्वीन्समधलं खाणं: काही महिन्यांच्या भटकंतीनंतर

न्यूयॉर्कमध्ये नवीन आलेल्या माणसाला कुठे खायचं याच्या याद्या खूप मिळतात आणि त्यातल्या बहुतेक मॅनहॅटनच्या असतात. मी त्या बाजूला ठेवल्या आणि वसंतापासून हिवाळा लागेपर्यंत सबवेच्या ७ नंबरच्या लाईनवरच खात फिरले. सुट्टीच्या दिवशी निवांत, अधूनमधून ऑफिस सुटल्यावर. मी सगळं खाते, नवरा शुद्ध शाकाहारी, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिता येईल. माझं मत आधीच सांगते. खाद्यजत्रांमध्ये ओळखी उत्तम होतात, पण पोटभर आणि समजून जेवायचं तर वस्तीतल्या छोट्या हॉटेलांतच, तेही दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

ही जांभळ्या रंगाची लाईन मॅनहॅटनमधल्या हडसन यार्ड्सहून निघते, नदीखालून क्वीन्स या शहराच्याच दुसऱ्या भागात येते आणि मग जमिनीवर येऊन खांबांवरून थेट फ्लशिंगपर्यंत धावते. वाटेत बराच काळ ती रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूच्या डोक्यावरून जाते. लोक तिला ‘इंटरनॅशनल एक्स्प्रेस’ म्हणतात. अमेरिकेने १९६५ मध्ये देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढली आणि त्यानंतर आशिया आणि लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसं या लाईनच्या आजूबाजूला येऊन राहिली. २०२० च्या जनगणनेत क्वीन्सची लोकसंख्या २४ लाखांवर होती आणि इथले जवळपास निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले आहेत. हे सगळं आकड्यांतून फारसं जाणवत नाही. दर दोन-तीन स्टेशनांनी दुकानाच्या पाट्यांची लिपी बदलते तेव्हा जाणवतं.

गाडीत चढण्याआधी एक गोष्ट बघा. गोलातला ७ म्हणजे प्रत्येक स्टेशनवर थांबणारी गाडी, हिऱ्याच्या आकारातला ७ म्हणजे जलद. खाण्यासाठी निघालेल्याला गोलातलीच हवी, कारण जलद गाडी ७४ व्या रस्त्याला थांबत नाही, आणि तिथे न उतरणं म्हणजे निम्मी मजा सोडून देणं.

वुडसाइडला मी आधी उतरायला लागले. ६९ व्या रस्त्याच्या आसपासचा भाग ‘लिटल मनिला’ म्हणून ओळखला जातो. फिलिपिनो बेकऱ्या, वाणसामानाची दुकानं, आणि काउंटरमागे भाज्या-रश्शांची भांडी मांडून ठेवलेली साधी हॉटेलं. तुम्ही बोट दाखवायचं, ते भातावर वाढतात. डुकराच्या मांसाचं सिसिग तापलेल्या तव्यावर चरचरत येतं, वर लिंबू पिळायचं. नवऱ्याला इथे जवळजवळ काहीच मिळालं नाही, हे स्पष्ट सांगते. भाजीतही कोळंबीची पेस्ट असते. त्याच्या वाट्याला हालो-हालो आलं: बर्फाचा चुरा, आटवलेलं दूध, गोड घेवडा, जांभळ्या कंदाचं आइस्क्रीम. त्याला ते इतकं आवडलं की उन्हाळ्यात तो स्वतःहून वुडसाइडला चल म्हणायचा.

पुढे जॅक्सन हाइट्स. भारतीय मंडळी ७४ व्या रस्त्यावर पटेल ब्रदर्समध्ये कढीपत्ता आणि पिठं घ्यायला येतात आणि पिशव्या भरून परत जातात. त्यांना माझी कळकळीची विनंती: पिशव्या घेऊनच का होईना, अजून शंभर पावलं चाला. ३७ व्या रोडवर डायव्हर्सिटी प्लाझा नावाचा, गाड्यांना बंद केलेला चौक आहे. त्याच्या आजूबाजूला बांगलादेशी, नेपाळी आणि तिबेटी खाणं इतकं दाटीवाटीने आहे की एका संध्याकाळी तीन देश सहज होतात.

फुचक्याच्या गाड्यांपाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवला असेल. आपल्या पाणीपुरीची ही बांगलादेशी बहीण. आपल्याकडे भैया एकेक पुरी बुडवून हातात देतो आणि आपण पुढच्या पुरीसाठी हात पुढे करतो. इथे अख्खी प्लेट एकदम भरून मिळते. पुऱ्या फोडून त्यात उकडून कुस्करलेले वाटाणे, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर भरतात आणि सगळ्यावर उकडलेलं अंडं बारीक किसून टाकतात. चिंचेचं पाणी छोट्या वाटीत वेगळं. ते पुरीत ओतायचं काम आपलं. अंड्याचा कीस पाण्यात भिजून मऊ होतो आणि चिंचेचा आंबटपणा थोडा सौम्य करतो. पहिल्यांदा मला ते अंडं उपरं वाटलं, आता ते नसलं तर चुकल्यासारखं होतं. शाकाहारी असाल तर ‘डिम छाडा’ म्हणा, लगेच समजतं.

मोमोंची हॉटेलं आजूबाजूला विखुरलेली आहेत आणि काही रस्त्यावरून दिसतही नाहीत. मोबाईलच्या दुकानांमधून आत बोळात शिरल्यावर टेबलं लागतात, भिंतीवर ल्हासाचं मोठं चित्र आणि शेजारच्या टेबलावर तिबेटी आज्या चहा घेत बसलेल्या. तिबेटी मोमो आणि नेपाळी मोमो यांतला फरक मला इथेच कळला. तिबेटी हॉटेलांत मी खाल्लेल्या मोमोंमध्ये गोमांसाचं सारण, मसाला मोजका आणि आत भरपूर रस. चावण्याआधी बारीक भोक पाडून रस ओढून घ्यायचा, नाहीतर तो कपड्यांवर येतो. नेपाळी सारणात जिरं, धने, आलं जास्त आणि सोबत टोमॅटो-तिळाची चटणी. त्याच चटणीला पातळ करून मोमो बुडवून दिले की झोल मोमो. नवऱ्यासाठी लाफिंग सापडलं: मुगाच्या स्टार्चची थंडगार, गुळगुळीत वडी, त्यावर लसूण, व्हिनेगर आणि डोळ्यांतून पाणी काढणारं लाल तेल.

याच भागात मोमो क्रॉल नावाचा वार्षिक उपक्रम होतो आणि खाद्यजत्रा कशी असावी याचं माझं उत्तर तेच आहे. मैदानात तंबू ठोकण्याऐवजी लोकांच्या हातात नकाशा द्यायचा, लोकांनी दुकानोदुकानी जाऊन मोमो चाखायचे आणि शेवटी आवडत्या दुकानाला मत द्यायचं. त्या निमित्ताने माणूस दाराच्या आत जातो. एकदा आत जाऊन आलं की पुन्हा जायला संकोच वाटत नाही, आणि छोट्या हॉटेलाला तोच हवा असतो, पुन्हा येणारा गिऱ्हाईक.

८२ व्या रस्त्यानंतर स्पॅनिश सुरू होते. रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर वर गाडीचा खडखडाट आणि खाली कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको. इथली सर्वांत गाजलेली कहाणी अरेपा लेडीची. मारिया पिएदाद कानो कोलंबियात न्यायाधीश होत्या. इथे आल्यावर त्यांनी याच रस्त्यावर रात्री गाडी लावून मक्याच्या अरेपा, म्हणजे जाडसर भाकऱ्या, भाजायला सुरुवात केली, आणि अनेक वर्षांनी घरच्यांनी मिळून त्यांच्या नावाने हॉटेल काढलं. कोवळ्या मक्याची अरेपा दे चोक्लो तिथे खाच. दाटसर पीठ तव्यावर लोण्यात पसरतात, कडा तांबूस होईपर्यंत थांबतात, मग चीज ठेवून दुमडतात. मक्याचा गोडवा आणि चीजचा खारटपणा दोन्ही वेगळे कळतात. शाकाहाऱ्यांना निश्चिंतपणे चालेल असा हा पदार्थ आहे.

मेक्सिकन गाड्यांवर मात्र शाकाहाऱ्यांनी विचारून खावं, कारण घेवडा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करून ठेवा. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली पोळी, दिसली तर सोडू नका. कोकणात फुलांची भजी खाल्लेल्यांना ती चव परकी वाटणार नाही.

या रस्त्यावरची बाई आज तमालेंचं (मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून वाफवलेले मुटके) भांडं घेऊन उभी असेल आणि पुढच्या आठवड्यात नसेल, यामागे कारण आहे. शहराने १९८३ मध्ये खाद्यगाड्यांच्या परवान्यांवर कमाल मर्यादा घातली आणि ती पुढे दशकानुदशके जवळजवळ तशीच राहिली. २०२१ च्या कायद्याने दरवर्षी थोडे परवाने वाढवायचं ठरलं, पण मागणी त्याच्या कितीतरी पुढे आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात याच लाईनवरच्या कोरोना नावाच्या वस्तीतल्या चौकातून, कोरोना प्लाझातून, विक्रेत्यांना पालिकेने हटवलंही होतं. पहाटे उठून शंभर तमाले वाफवणाऱ्या बाईला दंडाच्या भीतीत उभं राहावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिच्याकडून घ्याल तेव्हा सुटे पैसे द्या आणि घासाघीस करू नका.

आता क्वीन्स नाइट मार्केट. जॉन वांग यांनी २०१५ मध्ये हे सुरू केलं. वकिली सोडलेला हा माणूस, तैवानचे रात्रबाजार लहानपणी पाहिलेला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत शनिवारी संध्याकाळी फ्लशिंग मेडोज पार्कमध्ये, विज्ञान संग्रहालयाच्या मागे हा रात्रबाजार भरतो. याच मैदानावर १९६४ चं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. ऑगस्टच्या उत्तरार्धात शेजारी अमेरिकन ओपन टेनिस सुरू झालं की बाजाराला सुट्टी असते, त्यामुळे तारखा बघून निघा. उतरायचं १११ व्या रस्त्याला.

या बाजाराची ताकद त्याच्या किमतींत आहे. सुरुवातीपासून पदार्थाला ५ डॉलरची मर्यादा घातली, पुढे काहींना ६ पर्यंत मुभा दिली. न्यूयॉर्कमध्ये एवढ्यात बऱ्याच ठिकाणी एक कॉफी येते. त्यामुळे न ओळखीचा पदार्थ घ्यायला हात आखडत नाही. आवडला नाही तरी फारसं काही गेलं नाही, ही मोकळीक मला दुसऱ्या कुठल्याच जत्रेत मिळाली नाही. आजवर नव्वदहून अधिक देशांचं खाणं इथे येऊन गेलं आहे. दाराशी लवकर पोहोचा. अंधार पडल्यावर एकेका रांगेत अर्धा तास सहज जातो आणि मग तीन पदार्थांतच रात्र संपते. रोख पैसे न्या. चौघांनी मिळून जा, चार रांगांत उभे राहा आणि गवतावर बसून वाटून खा.

उणीवही आहेच. एका तंबूत, एका शेगडीवर, रांग सरकवत केलेला पदार्थ त्याच्या हॉटेलातल्या रूपाइतका चांगला क्वचितच लागतो. सोबतचं लोणचं, सार, भात, चहा, हे तिथे नसतं, आणि पदार्थ एकटा पडतो. मला बाजारात एखादी चव आवडली की मी विक्रेत्याला विचारते, तुमचं दुकान कुठे आहे? पुष्कळदा उत्तर याच लाईनवरचं एखादं स्टेशन असतं.

बाकीच्या जत्रांबद्दल थोडक्यातच. ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्गला २०११ पासून भरणारा स्मॉरगसबर्ग देखणा आहे, नदीचा काठ सुंदर आहे, पण पोट भरेपर्यंत खिसा बराच हलका होतो. सप्टेंबरमधली सान जेनारोची जत्रा १९२६ पासूनची, तिचा मान मोठा. पण मलबेरी स्ट्रीटच्या आसपासची इटालियन वस्ती आता फार थोडी उरली आहे आणि सॉसेजच्या गाड्यांमधून चालताना ते जाणवतं. रेस्टॉरंट वीक, म्हणजे हॉटेलांनी ठरलेल्या किमतीत जेवण देण्याचा उपक्रम, १९९२ मध्ये १९ डॉलर ९२ सेंटच्या दुपारच्या जेवणाने सुरू झाला. एरवी परवडणार नाही अशा मॅनहॅटनच्या हॉटेलांसाठी तो ठीक आहे, या भटकंतीत त्याचा उपयोग नाही.

शेवटचं स्टेशन फ्लशिंग. इथे खाणं तळघरात आहे. न्यू वर्ल्ड मॉलच्या फूड कोर्टमध्ये दुपारी जागा मिळवणं कठीण. आता शहरभर पसरलेलं शिआन फेमस फूड्स २००५ मध्ये इथल्याच गोल्डन शॉपिंग मॉलमध्ये एका छोट्या गाळ्यात सुरू झालं. रुंद नूडल्स करताना जरूर बघा. तेल लावून ठेवलेली पिठाची लाटी दोन्ही हातांनी ताणतात, ओट्यावर आपटतात, पुन्हा ताणतात आणि मधोमध फाडून थेट उकळत्या पाण्यात टाकतात. जिरं घातलेल्या मटणासोबतच्या त्या नूडल्स महाराष्ट्रीय जिभेला लगेच पटतात.

नवऱ्याचं फ्लशिंग वेगळं आहे. स्टेशनपासून चालत बाउन स्ट्रीटवर गणपतीचं मंदिर आहे, १९७७ मध्ये प्रतिष्ठापना झालेलं, आणि त्याच्या तळघरात कँटीन. कुरकुरीत डोसे, वाफाळतं सांबार, फिल्टर कॉफी, कागदी ताटल्या, आणि आजूबाजूला पाच-सहा भाषा. कांदा-लसणाबद्दल काउंटरवर विचारलं तर नीट सांगतात.

निवड कशी करायची, हे अनेकांनी विचारलं. अ‍ॅपवरच्या ताऱ्यांवर मी विसंबणं सोडलं. वस्तीतली माणसं तिथे इंग्रजीत लिहायला जात नाहीत, त्यामुळे तारे बहुतेक वेळा वेटर किती हसला हे सांगतात. मी आत कोण बसलंय ते बघते: आज्या आणि शाळेतून आलेली मुलं असतील तर बसते. दारावरचं आरोग्य खात्याचं अक्षर मात्र वाचा. २०१० पासून ते लावावं लागतं, १३ गुणांपर्यंत ए, १४ ते २७ बी, त्यापुढे सी. गुण चुकांचे असतात, म्हणजे कमी तितकं चांगलं. बसून जेवलात तर बिलावर ८.८७५ टक्के कर आणि १८ ते २० टक्के टिप धरूनच हिशेब करा.

ज्यांच्याकडे एकच शनिवार आहे त्यांनी दुपारी ७४ व्या रस्त्याला फुचका आणि मोमो खावेत, रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरून पूर्वेकडे चालत निघावं, वाटेत अरेपा घ्यावी आणि बाजार उघडताना १११ ला पोहोचावं. चालणं तासाभराच्या आतलं आहे आणि पुढच्या खाण्याला जागा करून देतं. नोव्हेंबर ते मार्च बाजार बंद असतो. तेव्हा सरळ फ्लशिंग गाठा आणि तळघरातल्या नूडल्सपासून सुरुवात करा.