एएमटी ट्रेलर ‘एन’वर अडकला की लगेच ‘बॉक्स गेला’ म्हणणारे

न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर लावायची वेळ ठरलेली, एएमटी म्हणजे गिअर आपोआप टाकणारा ट्रेलर उरण फाट्याला कडेला उभा, ड्रायव्हर घाबरलेला. अशा वेळी “शेठ, बॉक्स गेला, टीसीयू बदलावा लागेल” (बॉक्स म्हणजे हाच टीसीयू, गिअरबॉक्स चालवणारा कॉम्प्युटर) असा फोन आला की मालक हो म्हणून मोकळा होतो.

कळंबोलीतली गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इंजिन सुरू व्हायचं, सिलेक्टर ‘डी’वर टाकला तरी डिस्प्लेवर ‘एन’ म्हणजे न्यूट्रल लुकलुकायचा. मेकॅनिकने स्कॅनरवर बिघाडाचे पाच-सहा कोड दाखवले आणि टीसीयूचे ८० हजार घेतले. आठ दिवसांत गाडी पुन्हा तशीच. दोष निघाला गिअरबॉक्सवरून चासीला येणाऱ्या अर्थच्या पट्टीत. तिच्या टोकाचं थिंबल नटाखाली हिरवं पडून कुजलेलं. खाडीची खारी हवा आणि हायवेवरचं पाणी, दुसरं काय होणार!

स्कॅनरवरचे कोड खोटे नव्हते, मेख इथेच आहे. व्होल्टेज पडलं की एका दमात ढीगभर कोड येतात. प्रत्येक कोडात दोन नंबर असतात: एसपीएन म्हणजे कोणतं सर्किट, एफएमआय म्हणजे काय बिघाड. एफएमआय ५ म्हणजे सर्किट तुटलेलं. पार्ट मेला असा त्याचा अर्थ नाही. तुम्ही चहाला गेल्यावर एखादा कनेक्टर ओढला तरी असा कोड येऊ शकतो. म्हणून कोड ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे की जुना साठलेला, ते विचारा. सगळ्यांचा फोटो काढा, पुसून घ्या, गाडी पुन्हा चालू करा. परत येईल तोच कामाचा.

पैसे देण्याआधी मल्टीमीटर लावायला सांगा. २४ व्होल्टच्या गाडीत स्टार्टर मारताना बॅटरी १८-१९च्या खाली गेली तर आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा. इंजिन चालू असताना साधारण २८ दिसायला हवेत. स्टार्टर मारतानाच गिअरबॉक्सची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. बॅटरी काढून कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या दोन तारांत ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर शॉर्ट.

गिअर टाकणारा अ‍ॅक्ट्युएटर हवेवर चालत असेल तर प्रेशर पुरेसं भरल्याशिवाय गिअर पडणारच नाही. हवेच्या टाकीचा ड्रेन ओढा. पाणी आणि तेलाचा पांढरट चिखल आला तर हवेतलं पाणी शोषणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय. हे काम टीसीयूच्या मानाने किरकोळ पैशांत होतं.

आणि बॉक्स खरंच बदलला का? आधी लेबलवरच्या सिरीयल नंबरचा फोटो घ्या, जुना पीस ताब्यात मागा. नव्या टीसीयूला गाडीचा डेटा भरावा लागतो, क्लचचं लर्निंग करावं लागतं, म्हणजे क्लच कुठे पकडतो ते त्याला शिकवावं लागतं. लॅपटॉप न लावता दहा मिनिटांत “झालं, न्या गाडी” म्हणाला, तर बहुतेक त्याने जुनाच बॉक्स पुसून परत बसवलेला असतो.