उंच व्यक्तींसाठी विजेची स्कूटर : उभ्याने चालवायची की बसून?

रोजचे जाणे-येणे तीन ते सहा किलोमीटरचे असेल आणि चालवणाऱ्याची उंची सहा फुटांच्या वर असेल, तर विजेची स्कूटर घेताना सर्वांत आधी ती उभ्याने चालवायची की बसून, हे ठरवावे लागते. कारण उंचीमुळे या दोन प्रकारांत येणाऱ्या अडचणी अगदी वेगवेगळ्या आहेत. उभ्याच्या, म्हणजे फळीवर उभे राहून चालवायच्या आणि दुमडता येणाऱ्या स्कूटरवर पाय मोकळे असतात, पण हातांचा आणि तोलाचा प्रश्न येतो. बसायच्या स्कूटरवर तोल उत्तम राहतो, मात्र गुडघे कुठे ठेवायचे तेच कळेनासे होते.

उभ्याच्या स्कूटरमध्ये माहितीपत्रकावर दिलेली एकूण उंची फसवी ठरते. शाओमीच्या एम365 या बहुपरिचित मॉडेलची उंची 114 सेंटीमीटर आहे. उभे राहायची फळी जमिनीपासून साधारण 15 सेंटीमीटरवर धरली, तर पायांपासून हँडल एक मीटरहून किंचित कमीच भरते. 190 सेंटीमीटर उंचीच्या माणसाचे हात खाली सोडल्यावर मनगट जवळपास त्याच पातळीला येते, त्यामुळे कोपरांना बाक उरत नाही आणि खड्ड्याचा धक्का सरळ खांद्यांत जातो. सेगवे-नाइनबॉटच्या मॅक्स जी30ची उंची 120 सेंटीमीटर आहे, चाकेही साडेआठऐवजी 10 इंचांची आहेत, आणि हे थोडके सेंटीमीटर उंच माणसाला लगेच जाणवतात. म्हणून मोजपट्टी सोबत न्यावी आणि फळीपासून हँडलपर्यंतचे अंतर मोजावे. ते 105 सेंटीमीटरच्या आसपास असेल तर सहा फुटी माणसाचे चांगले भागते. हँडल उंच करणारा जोड बसवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण दांडा जितका लांब तितका दुमडण्याच्या बिजागरीवर ताण अधिक पडतो, शिवाय ब्रेकची केबल मुळातच मापात कापलेली असते.

याहून महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे, आणि विकत घेताना तिचा विचार क्वचितच होतो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानतात तो बिंदू, तळव्यांपासून त्याच्या उंचीच्या साधारण 55 टक्क्यांवर असतो. फळीची उंची मिळवली की 190 सेंटीमीटरच्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 120 सेंटीमीटरवर, तर 165 सेंटीमीटरच्या माणसाचा सुमारे 106 सेंटीमीटरवर येतो. हा बिंदू पुढचे चाक जिथे टेकते त्या जागेच्या 50 सेंटीमीटर मागे आहे असे मानले आणि स्कूटरचे स्वतःचे वजन बाजूला ठेवले, तर या ढोबळ हिशेबाने उंच माणूस सुमारे 12 टक्के कमी जोराच्या ब्रेकलाच पुढे कलंडू लागतो. यावर उपाय सवयीचा आहे: एक पाय बराच मागे ठेवायचा, ब्रेक लावताना गुडघे वाकवून कंबर मागे न्यायची आणि मागच्या चाकाचा ब्रेक आधी वापरायचा. त्यासाठी फळी लांब हवी. उंच माणसांची पावलेही मोठी असतात. आखूड फळीवर दोन्ही पाय तिरके ठेवावे लागतात आणि मागे सरकायला जागाच राहत नाही.

वजनाची मर्यादाही पाहावी. वरील दोन्ही मॉडेलांना ती 100 किलोंची आहे, आणि पाठीवरच्या बॅगेसह अनेक उंच माणसे तिच्या जवळ पोहोचतात. जाहिरातीत दिलेला पल्ला बहुधा 75 किलोंच्या चालकासाठी, सपाट रस्त्यावर, संथ वेगात मोजलेला असतो. थोड्या अंतरासाठी तो कमी झाला तरी बिघडत नाही. चढावर मात्र मोटरची दमछाक जाणवते.

बसायच्या स्कूटरची गोष्ट वेगळी आहे. येथे सगळेजण जमिनीपासून सीटची उंची विचारतात, पण ती कमी उंचीच्या चालकाच्या कामाची. उंच माणसाने फूटबोर्डपासून सीटपर्यंतचे अंतर विचारावे. अनेक विजेच्या स्कूटरमध्ये बॅटरी फूटबोर्डच्या खाली बसवलेली असल्याने फूटबोर्डच उंच होतो, सीट तेवढी वर गेलेली नसते, आणि बसल्यावर गुडघे कमरेच्या वर येतात. बॅटरी सीटखाली असलेल्या स्कूटरमध्ये डिकी लहान होते, पण पायांना जागा मिळते, आणि उंच चालकाने हा सौदा आनंदाने करावा. सीट लांब आणि एकसंध असेल तर मागे सरकून बसता येते. मध्ये पायरी असलेल्या सीटवर ती सोय नसते.

दुकानात लावून ठेवलेल्या अशा स्कूटरवर नुसते बसून अंदाज येत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे आणि ते गुडघ्याला लागते का, हे पाहावे. सावकाश वेगात यू-टर्न घेताना हँडल गुडघ्याला अडले, तर ऐन वळणात पाय बाहेर काढावा लागतो, आणि हा दोष दूर करायला कोणतीही ॲक्सेसरी उपयोगी पडत नाही. आरशांत आपलेच खांदे दिसणे ही त्या मानाने किरकोळ बाब आहे. दांडी लांब असलेले आरसे लावता येतात.

दोन्हींत निवड करायची झाली, तर माझे मत असे की वाहन उचलून जिना चढायचा असेल किंवा रेल्वेत न्यायचे असेल, रस्ता गुळगुळीत असेल आणि अंतर तीन-चार किलोमीटरच्या आत असेल, तरच उंच माणसाने उभ्याची स्कूटर घ्यावी. खडबडीत रस्ता, भरधाव रहदारी किंवा रात्रीचा प्रवास असेल, तर थोडे अवघडून का होईना, बसायची स्कूटरच योग्य, कारण दहा-पंधरा मिनिटांचे अवघडलेपण सोसता येते, पण अचानक ब्रेक लावण्याची वेळ सांगून येत नाही. आणि गुडघे कुठेच मावत नसतील, तर विजेची सायकल पाहावी: तिच्यात फ्रेमचे मोठे माप मिळते आणि सीटही हवी तेवढी वर घेता येते.