पोस्टग्रे, पोस्टस्क्रीन की आरस्पॅमडी? ग्रेलिस्टिंगचे तीन पर्याय तपासताना

स्पॅम रोखण्याच्या ग्रेलिस्टिंगचं गणित सोपं आहे. अनोळखी सर्व्हरला ४५० हा तात्पुरत्या नकाराचा कोड देऊन ‘जरा वेळानं या’ म्हणायचं. खरा मेल सर्व्हर मेल रांगेत ठेवून परत येतो, स्पॅम ओतणारा बॉट बहुधा फिरकत नाही. २००३ साली इव्हान हॅरिस यांनी ही युक्ती मांडली तेव्हा आयपी, पाठवणारा आणि घेणारा असं त्रिकूट तपासायचं ठरलं. आज प्रश्न वेगळा आहे: ‘वेळानं या’ हे नेमकं कुणाला सांगायचं? मेलनं येणारा ओटीपी अनेकदा दहा मिनिटांत बाद होतो, त्याला उशीर परवडत नाही.

पोस्टग्रे, म्हणजे पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला जोडायचं ग्रेलिस्टिंगचं सॉफ्टवेअर, सरसकट सगळ्या अनोळख्यांना सांगतं. बसवायला मात्र अगदी हलकं. डेबियनवर पॅकेज टाकलं की ते १००२३ पोर्टवर ऐकायला लागतं. पोस्टफिक्सच्या मेन-सीएफ या सेटिंग फाइलमध्ये पॉलिसी सर्व्हिसची (म्हणजे पोस्टग्रेला विचारण्याची) ओळ ‘रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन’च्या खाली घालायची, वर घातली तर रिले (आपल्यामार्गे तिसऱ्यालाच मेल धाडायची सोय) शोधत फिरणाऱ्या परक्यांच्या नोंदीही डेटाबेसात साचतात. थांबा ३०० सेकंदांचा, पण त्यावर विसंबू नका. हेडरमध्ये ‘एक्स-ग्रेलिस्ट: डिलेड १८४७ सेकंद्स’ असं दिसलं, तर ते १८४७ पोस्टग्रेनं ठरवलेले नसतात, पाठवणाऱ्याच्या रांगेनं ठरवलेले असतात. एक्झिम हा मेल सर्व्हर त्याच्या मूळ सेटिंगनुसार १५ मिनिटांनी परत येतो. त्यामुळे थांबा ६० सेकंदांवर आणूनही फारसं हाती लागत नाही.

पाच मेल सुखरूप आले की पोस्टग्रे त्या सर्व्हरला कायमची वाट मोकळी करतं, पण ‘कायमची’ म्हणजे ३५ दिवस. तिमाहीला एकदा बिल पाठवणारा पुरवठादार दर वेळी नवखाच ठरतो. अशांना व्हाइटलिस्ट फाइलमध्ये हातानं घालावं लागतं. आणखी एक खोच: पोस्टग्रे बंद पडलं की पोस्टफिक्स सगळ्याच बाहेरच्या मेलला ४५१ ४.३.५ हा तात्पुरता नकार देत बसतो. पोस्टफिक्स ३.० पासून त्याच ओळीत डिफॉल्ट अ‍ॅक्शन ‘डनो’ (म्हणजे ‘माझं मत नाही, पुढचं तपासा’) देता येते. ती द्याच.

पोस्टस्क्रीन हा पोस्टफिक्सचाच दारावरचा पहारेकरी. ते मुळात ग्रेलिस्टिंगचं हत्यार नाही. सहा सेकंद गप्प राहून कोण घाईनं आधी बोलतो ते पाहणं, हे त्याचं खरं काम, आणि ते झकास करतं. डीप प्रोटोकॉल चाचण्या (समोरचा बोलताना मेलचे नियम पाळतो का ते पाहणाऱ्या) सुरू केल्या की मात्र नव्या आयपीला ४५० ४.३.२ देऊन परत पाठवलं जातं. ओळख फक्त आयपीवर. मोठे मेल-पुरवठादार दुसऱ्यांदा वेगळ्याच आयपीवरून येतात, आणि पुन्हा परत जातात. या चाचण्या मुळात बंद असतात. तशाच राहू द्या.

आरस्पॅमडी हे स्पॅम-गाळणी सॉफ्टवेअर आधी मेल वाचून संशयाचे गुण देतं, मग ठरवतं. मूळ सेटिंगमध्ये ४ गुणांच्या वर गेलेल्या मेललाच थांबवलं जातं, १५ वर थेट नकार. डीकेआयएम, एसपीएफ (पाठवणारा खरा असल्याच्या खुणा) नीट असलेला साधा मेल एका सेकंदात आत. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: अख्खा मेल उतरवून घेतल्यावर नकार दिल्यानं बँडविड्थ जाते, आणि नोंदी ठेवायला रेडिस हा डेटाबेस लागतोच. थांबा इथेही पाच मिनिटांचा, पण तो मोजक्यांच्याच वाट्याला येतो. दोन एमएक्स (मेल स्वीकारणारे सर्व्हर) असतील तर दोघांना एकच रेडिस दाखवायचं. पोस्टग्रेत मात्र प्रत्येक मशीनचा डेटाबेस वेगळा, म्हणून मेल दुसऱ्या एमएक्सवर परतला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

म्हणून आमचं मत आरस्पॅमडीला, सोबत पोस्टस्क्रीनची सहा सेकंदांची चाचणी. मोजकी मेमरी असलेल्या छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर), जिथे मेल अर्धा तास उशिरा आला तरी कुणाचं अडत नाही, तिथे पोस्टग्रे अजूनही चालेल. पोस्टग्रे आणि आरस्पॅमडीचं ग्रेलिस्टिंग एकत्र ठेवू नका: संशयित मेल आधी पोस्टग्रेकडे थांबतो, मग आरस्पॅमडीकडे, आणि लॉगमध्ये दोन वेगळ्या ठिकाणी शोधत बसावं लागतं. बॅकअप एमएक्स असेल तर त्यावरही हीच व्यवस्था हवी, नाहीतर स्पॅमवाले मुद्दाम त्याच दारानं येतात.